क्लिपचं तोंड

९ नोव्हेंबर

प्रिय दादास,

सा. न. (तू काही नमस्कार करण्याएवढा मोठा नाहीस, पण मामी म्हणते पत्रात करायचा असतो.)

नीट पोचले. हॉस्टेलवर रविवार सोडून फोन ऑफिसात जमा, म्हणून हे पत्र. नखांतलं काळं अजून गेलेलं नाही. रूममेटने तिचा साबण उचलून वरच्या फळीवर ठेवलाय आणि मी जवळून गेले की नाक मुरडते.

आता ऐक. सगळं परत एकदा सांगते, कारण तू ऐकताना मान हलवतोस आणि नंतर आपलंच खरं करतोस. मोटरसायकलचं पुढचं स्प्रॉकेट, ते चेनचं दातेरी चाक, एक दात कमीचं घेतलंय, त्यामुळे वरचा वेग जरा कमी होईल, पण चढावर गाडी हसत हसत वर जाईल. मागचं मुद्दाम स्टीलचं घेतलं. अॅल्युमिनियमचं हलकं असतं, दिसतंही भारी, पण मातीत घासून लवकर संपतं. आणि जुन्यावरच नवी चेन का नाही चढवली, हे विचारू नकोस. जुन्याचे दात आकड्यासारखे वाकले होते, त्यांनी नवी चेन महिन्याभरात खाल्ली असती. मामांनी ते हातात घेऊन काय म्हटलं आठवतंय ना? हा पेशंट दोन वर्षांपूर्वी आणायला हवा होता म्हणे. डेंटिस्टच्या घरात गाडीचे दात किडतात म्हणजे कमाल आहे.

चेन ढिली दिसते म्हणून ताणू नकोस. तू गाडीवर बसलेला असताना खालून तीन बोटं वरखाली झाली पाहिजेत. मागचं चाक खड्ड्यात दबलं की चेन आपोआप ताणली जाते, तेवढी जागा लागतेच. धुताना तारेचा ब्रश नको, पाण्याचा जोराचा फवारा नको, आतल्या रबराच्या रिंगा जातात. रॉकेल, मऊ ब्रश, फडकं. तेल राइडच्या आधी नाही, नंतर, चेन गरम असताना.

तुझा तो मित्र गॉगल सगळ्यांसमोर म्हणाला ना, की मुलीने बसवलेली चेन पहिल्या चढावर सुटणार? वर पोचलास की त्याला तिथूनच हात कर. माझ्यातर्फे.

आणि मामा पहिल्यांदाच तुझी राइड बघायला येतायत! मी नाही म्हणून जळतेय. लोभ असावा, फार ताणू नये, तोही तीन बोटं ढिलाच बरा.

तुझी आतेबहीण आणि चीफ मेकॅनिक,
खटपटी

१९ नोव्हेंबर

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद. उजवा हात गळ्यात बांधलाय म्हणून अक्षर डावं आहे. हसू नकोस.

पडलो. शेवटच्या चढावर अर्ध्यात चेन सुटली. इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, चाकाला जोर मिळेना, गाडी मागे घसरली आणि मी तिच्या खाली. कॉलरबोनला तडा आहे, सहा आठवडे आराम. आत्याला फक्त थोडं लागलंय एवढंच सांग, नाहीतर ती बॅग भरून येईल आणि मला रोज मऊ भात खायला लागेल.

चूक माझीच. जास्त रेस दिली, मस्ती नडली. बाबांचंही तेच मत आहे आणि ते त्यांनी तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंतर ते माझ्याशी जेवलास का आणि गोळी घेतलीस का एवढंच बोलतात. बाकी वेळ लांबून बघतात, हा दात ठेवायचा की काढायचा असं.

गाडी मात्र काढायचं नक्की केलंय. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या भावाला अशीच देऊन टाकणार आहेत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तो न्यायला येईल. देऊ नका म्हणून कुठल्या तोंडाने बोलू?

तू मनाला लावून घेऊ नकोस. चेन तुटली नाही, चांगलीच होती. फक्त चेनची दोन टोकं धरणारी जोडकडी उघडली, तिला अडकवलेली क्लिप मातीत कुठेतरी गेली असणार. असं होतं कधीकधी.

अभ्यास कर. आहेस तशीच आगाऊ राहा.

तुझा,
दादा

२२ नोव्हेंबर

प्रिय दादास,

सा. न. आज खरंच करते.

तुझं पत्र मेसमध्ये वाचलं. क्लिपपाशी आले आणि कान गरम झाले. ताट तसंच ठेवून खाली सायकल स्टँडवर गेले. कुणाचीतरी सायकल होती, तिचं मागचं चाक उचललं आणि हाताने पेडल फिरवलं. नुसती बघत राहिले. वरची चेन पुढे जाते, दादा. खालची मागे येते.

मला हे माहीत होतं. लहान पोरालाही माहीत असतं. क्लिपचं एक टोक बंद, एक उघडं. चेन ज्या दिशेने पळते तिकडे बंद टोक हवं, नाहीतर समोरून येणारा दगड, चिखल, सगळं उघड्या टोकावर आदळतं आणि क्लिप ढकलून काढतं. मी तुला हे वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं होतं, बोट वर करून, तुझ्या मित्रांसमोर. आणि मग गाडीखाली आडवी झाले. कडी खालच्या बाजूला आली होती. मी गाडीचं पुढचं चाक कुठे आहे ते बघितलं आणि बंद टोक तिकडे केलं. खालच्या बाजूला, जिथे चेन मागे पळते! म्हणजे बरोबर उलटी बसवली.

तू मस्ती केली नाहीस. तुला मी पाडलं.

माझं आधीचं पत्र फाडून टाक, प्लीज. त्यातलं ते चीफ मेकॅनिक आठवलं की उशीत तोंड खुपसावंसं वाटतं. मघाशी वर्गातल्या एकीने तिच्या स्कूटरचा ब्रेक बघशील का विचारलं, तर मला यातलं काही कळत नाही म्हणाले. तिला वाटलं मी भाव खातेय.

मी मामांना सगळं सांगणार आहे. माझ्या चुकीपायी तुझी गाडी जाता कामा नये. तुझ्या परवानगीची वाट बघतेय असं समजू नकोस, पण दोन ओळी लिही. रागावून लिहिल्यास तरी चालतील.

तुझी,
(सही करायला लाज वाटते)

२७ नोव्हेंबर

चि. खटपटीस,

अनेक आशीर्वाद. बाबांना सांगू नकोस. का ते लिहितो. मग तूच ठरव माझ्याशी बोलायचं की नाही.

क्लिप उलटी आहे हे मी सकाळीच बघितलं होतं.

स्टार्टच्या आधी फडक्याने चेन पुसत होतो, तेव्हा दिसलं. पक्कड बॅगेत होती. दोन मिनिटांचं काम. पण गॉगल शेजारीच उभा, बाकीचेही सगळे. बाबा पहिल्यांदाच आलेले, नवीन पांढरे बूट घालून, ओळख करून दिली की प्रत्येकाला माझ्या भाचीने सगळं बसवलंय म्हणून सांगत होते. तिथे खाली बसून ती क्लिप काढायची म्हणजे तुझी खिल्ली उडणार. खरं सांगायचं तर माझी जास्त. तुझं कौतुक मीच सगळ्यांना ऐकवलं होतं. म्हटलं, एक फेरी निघेल. एका फेरीने काय होतंय.

आता तू रात्रंदिवस सायकलींची चाकं फिरवत बसलीयस आणि मी इथे उशीला टेकून लोकांची सहानुभूती घेतोय. माझ्या त्या पहिल्या पत्रात असं होतं कधीकधी असं लिहिलंय ना, ते लिहिताना डाव्या हातालाही लाज वाटत होती.

बाबांना वाटतं मुलगा मस्तीखोर आहे. ते परवडलं. डोळ्यांनी बघूनही चार पोरांना घाबरून तसाच निघाला, हे त्यांना कळलं तर मी त्यांच्यासमोर ताटावर बसू शकणार नाही. गाडी गेली तर जाऊ दे.

जमलं तर लोभ ठेव.

दादा

३० नोव्हेंबर

ती. मामांना,

कृ. सा. न. वि. वि. तुम्ही मला कायम हुशार भाची म्हणता. हे पत्र वाचून झाल्यावर म्हणू नका.

दादा मस्तीने पडला नाही. मी चेनच्या जोडकडीची क्लिप उलट्या तोंडाची बसवली होती. चढावर ती निघाली, कडी उघडली, चेन सुटली. त्याने रेस कमी दिली असती तरी तेच झालं असतं. तुम्ही दहा वेळा विचारलं होतं, नीट बसलंय ना गं? आणि मी हसून म्हणाले होते की मामा, तुम्ही तुमचे दात बघा. ते आठवलं की मान वर होत नाही.

त्याची गाडी कुणाला देऊ नका. शिक्षा करायची तर मला करा. सुट्टीत येईन तेव्हा समोर उभी राहून ऐकून घेईन. पत्रात लिहिणं सोपं असतं, त्यामुळे हे अर्धंच समजा. उरलेलं तोंडाने सांगायला येतेच.

मामीला नमस्कार. तुम्ही रागावणार, ते बरोबरच आहे. पण राग संपला की थोडा लोभ उरला तर ठेवा.

तुमची भाची

५ डिसेंबर

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र दवाखान्यात आलं. एका बाईंच्या तोंडात कापूस भरून त्यांना बसवलं होतं, तसंच ठेवून वाचून काढलं. नंतर त्यांची माफी मागितली. त्यांना बोलता येत नव्हतं, त्यामुळे ती माफी सोपी गेली.

घरी येऊन पत्र दादाला दिलं. त्याने ते अर्धं वाचलं, खाली ठेवलं, आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला की क्लिप त्याने सकाळी बघितली होती. मग चादरीचा दोरा ओढत बसला. तू त्याचं हे मला लिहिलं नाहीस. माहीत असणार तुला, तुमच्यात काही लपत नाही. बरं केलंस. त्याचं त्याने सांगायला हवं होतं.

मी रागावेन असं तुम्हा दोघांनाही वाटलं. माझा राग त्याच दिवशी खर्च झाला, नको तिथे. तो पडला तेव्हा मी धावत वर गेलो. लोकांनी वाट करून दिली. तो गाडीखाली होता, तोंडभर चिखल. मला बघून "बाबा" एवढंच म्हणाला. पुढे काहीतरी सांगणार होता. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझी लायकीच ही."

तो गॉगल लावणारा मुलगा, ज्याला तुम्ही नावं ठेवता, त्याने माझ्याकडे पाठ केली, गाडी उचलली, आणि खाली वाकून दादाला विचारलं की कुठे दुखतंय. मी दिवसभर अनोळखी माणसांना हेच विचारतो. पोट भरतं माझं त्याच्यावर. स्वतःच्या मुलाला विचारायचं राहिलं.

गाडी द्यायची म्हणजे शिक्षा, असं घरात सगळ्यांना वाटतंय. शिक्षा कसली. ती खिडकीखाली उभी असते. येता-जाता दिसली की माझंच वाक्य मला ऐकू येतं. नजरेसमोर नको म्हणून देत होतो. आज कंपाउंडरला नाही म्हणून सांगितलं. तो बिचारा हिरमुसला. तू सुट्टीत ये आणि चेन बसव. पुन्हा चालवायची की नाही ते दादा ठरवेल. आणि त्या स्कूटरवालीचा ब्रेक बघून दे. तिचं तुझ्या मामीला फोनवर सांगितलंस, तिने मला सांगितलं.

माझ्या भाचीची हुशारी मी मागे घेत नाही. तुझाही लोभ राहू दे, सध्या मला जरा जास्त लागणार आहे.

तुम्ही दोघांनी आपापलं सांगून टाकलंत. राहिलो मी. दादा पलीकडच्या खोलीत आहे, एका हाताने शर्टाचं बटण लावायची त्याची झटापट इथून दिसतेय. पाकीट नंतर चिकटवतो. आधी जाऊन त्याला विचारून येतो, कुठे दुखतंय.

तुझा,
मामा