शताब्दीचं नाणं

ताई,

बाबांच्या संग्रहातलं, नदीवरच्या पुलाच्या शताब्दीचं चांदीचं नाणं तू "साफ करून आणते" म्हणून नेलंस. परत आलं ते जरा जास्तच चकाकत होतं. जुनं नाणं कधी घासायचं नसतं, हे बाबांनी आपल्याला लहानपणीच शिकवलंय. मला शंका आली. गुपचूप सराफाकडे नेलं. त्याने वजन करून सांगितलं, "नुसता मुलामा आहे."

बाबांना आता नीट दिसत नाही, पण नाणं रोज तळहातावर घेतात. काल म्हणाले, "हलकं लागतंय रे." मी म्हटलं, "तुमच्या हातात अजून जोर आहे, म्हणून."

तुला जाब विचारायचाय. पण मग तू अख्खा डबा तपासायला लावशील, आणि त्यातली दोन नाणी मी तुझ्याआधीच बदललीत. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझाच,
धाकटा