पुढच्या दाराने

प्रिय ठकू,

आधी खुर्चीत नीट बस. खोकल्याच्या औषधापलीकडे आयुष्यात काही कडक न प्यायलेली तुझी आई गेल्या महिन्याभरात आपल्या भागातले नऊ बार फिरून आलीय. नऊ! खोटं वाटत असेल तर मामाला विचार. तोच मला घेऊन जातो, आणि बस चालवणं सोडल्यापासून इतकी मजा कशातच आली नव्हती म्हणतो. आम्ही संध्याकाळी पाचला, बार उघडता उघडता पोचतो. तेव्हा गर्दी नसते आणि गोडाचं सगळं ताजं असतं. मामा पितो, मी खाते आणि तुझे बाबा घरी पार्सलची वाट बघत बसतात.

तू स्वतःचा बार काढतेयस, हे मला मामाकडूनच कळलं. पेयं आणि गोड, एवढंच ठेवणार म्हणे, आणि येत्या शनिवारी उघडणार. बाबांना माहीत, शेजारच्या शिंपीणबाईंना माहीत, फक्त मला तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. विचारायला तोंड हवं ना! पण म्हटलं, आपली लेक ज्यात एवढा जीव ओततेय ते निदान एकदा डोळ्यांनी बघावं तरी.

आता तू म्हणशील, आईने काय बार बघितले नाहीत? एकतीस वर्षं अन्ननिरीक्षक म्हणून दुसरं केलं काय? अगं, पण कुठून बघितले? मागच्या दाराने! इथल्या प्रत्येक बारची मोरी मला पाठ आहे. कुणाच्या फ्रीजचं रबर कुठे फाटलंय ते झोपेत सांगेन. पुढे लोक बसतात कसे, हे मात्र कधी पाहिलंच नव्हतं. पहिल्या दिवशी मामा पुढचं दार धरून उभा, आणि मी सवयीने वळसा घालून थेट मागच्या बोळात. तो हाका मारतोय, आणि मी कचऱ्याच्या पिंपांपाशी पदर सावरत उभी.

त्या कोपऱ्यावरच्या बारमालकाची तर मला बघून पाचावर धारण बसली. मी चॉकलेट पुडिंग मागितलं, त्याने सफाईची वही आणून पुढ्यात ठेवली. “मॅडम, मोरी कालच घासलीय, हवं तर चला दाखवतो.” मी म्हटलं, “अहो, मी रिटायर झाले. मला पुडिंग हवंय.” त्याचा काही विश्वास बसेना. शेवटी पुडिंग आलं, आणि त्याच्यामागोमाग ते करणारा आचारीही टोपी-हातमोजे घालून हजर झाला आणि भिंतीला लागून उभा राहिला. त्याच्या नजरेखाली मी चार चमचे खाल्ले. पण काय होतं गं ते! वरून कुरकुरीत, आतून गरम आणि पातळ, आणि शेवटी जिभेवर किंचित मीठ. मी ‘वा’ म्हटलं तेव्हा कुठे आचाऱ्याने श्वास सोडला. मामाच्या तर हसून हसून नाकात बिअर गेली.

मग मामाने नियम केला. मी टेबलाखाली वाकले, पेल्याचा वास घेतला किंवा बर्फाच्या चिमट्याकडे रोखून बघितलं, की दर वेळी त्याच्या बिअरचा एक घोट घ्यायचा. पहिल्या संध्याकाळी माझे सात घोट झाले. घरी येऊन मी बाबांना गाणं म्हणून दाखवलं म्हणे. मला काही आठवत नाही, पण ते रोज चहाच्या वेळी आठवण करून देतात. आता एका घोटावर आलेय. बिअर कडूच लागते, कितीही कौतुक करा.

पण बाकीच्या गोष्टींनी मला पार बिघडवलं. जुन्या छापखान्यातल्या बारमध्ये एक मिशाळ गृहस्थ पेल्यावर संत्र्याची साल जाळतो आणि पेला देण्याआधी स्वतःच डोळे मिटून वास घेतो. पूर्वी मी त्याला तिथल्या तिथे नोटीस दिली असती. कोर्टाजवळच्या बारमध्ये दिवसभर एकमेकांशी कचाकचा भांडलेले दोन वकील एकाच बशीतून लिंबाचा टार्ट खातात, आणि तो इतका आंबट की दोघांचेही डोळे एकदमच मिटतात. तिथेच एक गवंडी येतो. कपड्यांचं सिमेंट लागू नये म्हणून खुर्चीवर आधी रुमाल अंथरतो, मग रमचा एक छोटा पेला आणि क्रीमची एक पेस्ट्री घेऊन अर्धा तास बसतो. खाताना त्याचा चेहरा हळूहळू सैल होत जातो. तुला हेच आवडत असणार, ठकू. एकदा तू मला असंच काहीतरी उत्साहाने सांगायला लागली होतीस, आणि मी मध्येच विचारलं होतं की तुमच्याकडे हातमोजे दिवसातून किती वेळा बदलतात.

गेल्या मंगळवारी आम्ही दोन बहिणींच्या बारमध्ये गेलो. दोघी माझ्याच वयाच्या. तीन पेयं आणि एकच गोड पदार्थ, कॅरमल कस्टर्ड. थोरलीने वाटी समोर ठेवली, मी बोलता बोलता पर्स उघडली, तापमापक काढला आणि खुपसला की कस्टर्डमध्ये! मामाने कपाळावर हात मारला. थोरली मात्र चिडली नाही. शेजारची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “बाई, थंड आहे की नाही ते कळलं. कसं झालंय ते कधी सांगणार?” मला एकदम रडू फुटलं. त्या बिचारीला वाटलं, पदार्थ बिघडला.

तुला कळलं असेल मला काय आठवलं ते. तीन वर्षांपूर्वी तुझ्या नोकरीच्या ठिकाणी स्वयंपाकघर तपासायला आले, ते मुळात यायलाच नको होतं. मुलगी तिथे कामाला आहे, दुसऱ्या कुणाला पाठवा, एवढं ऑफिसात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मला तुला काम करताना बघायचं होतं. फ्रीज दोन अंशांनी गरम निघाला. नियमाप्रमाणे माल टाकून द्यायचा, समज द्यायची आणि आठ दिवसांनी पुन्हा बघायचं. मी पंधरा दिवसांचं सील ठोकलं. शेजारी माझा ज्युनिअर उभा होता; पोरीला पाठीशी घातलं असं त्याने म्हणू नये, म्हणून. तू केलेल्या गोडाची एक वाटी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होतीस. “आई, टाकायच्या आधी एकदा चव तरी बघ,” म्हणालीस. ती वाटीसुद्धा मी माझ्या हाताने पिंपात उपडी केली. तुझी नोकरी गेली आणि ‘कामात हलगर्जी’ असा शेरा तुझ्या नावावर बसला. तेव्हापासून तू घरी येतेस, हसतेस, बोलतेस, पण आमच्या ओट्याला हात लावत नाहीस.

आता हे सगळं का लिहितेय ते सांगते. महिन्यापूर्वी त्याच ज्युनिअरचा फोन आला. परवान्यासाठी तुला त्या शेऱ्याचा खुलासा मागितला होता, आणि तू लिहून दिलंस, ‘चूक सर्वस्वी माझी होती.’ ‘निरीक्षक माझी आई होती आणि तिने अती केलं,’ हे खरं असूनही त्याबद्दल तू ब्र काढला नाहीस. ते ऐकून माझं जेवण सुटलं, आणि मग मामाने मला बाहेर काढलं. काल मी माझ्याच जुन्या ऑफिसात खिडकीसमोर रांगेत उभी राहिले आणि सही करून दिलं की तो हुकूम चुकीचा होता, नियमाबाहेरचा होता, आणि मी तो स्वतःचं नाव जपायला काढला होता. पोच सोबत जोडलीय. शेरा निघेल असं म्हणालेत. नाही निघाला तर मी पुन्हा जाईन. माझं चुकलं, ठकू. हे सांगायला मला तीन वर्षं लागली, याचीही लाज वाटते. तू बोलावलं नाहीस तरी मी रागावणार नाही, शनिवारी घरीच बसेन. पण बोलावलंस, तर एक वाटी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवशील? मी बसून, तळापर्यंत खाईन, आणि कशी झालीय ते तुला सांगेन.

तुझीच,
आई