न पाहिलेल्या सिनेमाचा निकाल

पप्पा, तुम्ही आयुष्यात एकही सिनेमा पाहिला नाहीत आणि तरी वीसेक वर्षं सिनेमांवर लिहिलंत. तुमच्या हयातीत हे तोंडावर म्हणायची माझी छाती झाली नाही. आता मी तुमच्यापेक्षा वयानं मोठा झालोय, तेव्हा जरा ऐकून घ्यावं लागेल. आज माझ्याकडूनही तेच मागितलं जातंय, आणि मी ते देणार नाही.

आपल्या सरकारी क्वार्टरचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. शनिवारी मी मॅटिनी पाहून यायचो आणि रविवारी उपासनेनंतर तिथं माझी साक्ष व्हायची. तुम्ही मंडळीचे, म्हणजे आपल्या चर्चचे, पंच. दिल्लीत आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबं मूठभर, आणि त्यांचा पंच तिकिटाच्या रांगेत दिसला तर कसं व्हायचं? म्हणून रांगेत मी. तुम्ही स्टुलावर बसता, मांडीवर ऑफिसातलं पॅड, टोपण काढून पेन तयार. "हं, चलो, रिपोर्ट." मी सांगू लागतो. "ख्रिस्ती पात्र आहे का?" आहे. "काय करतं?" दारू पितं. "पुन्हा?" तुम्ही कपाळावर हात मारता. "आणि बाई असली तर?" बाई क्लबात नाचते, पप्पा. आई स्टोव्हला पंप मारता मारता म्हणते, "पाप तेवढं पोरानं करून यायचं आणि निकाल साहेब देणार!" त्यावर तुम्ही, मान वर न करता, "पाप नाही, चौकशी आहे ती." मग मंडळीच्या मासिक पत्रकात, सायक्लोस्टाइलच्या निळसर शाईत, सिनेमाच्या नावापुढं तुमच्या तीन शेऱ्यांपैकी एक उमटायचा: हरकत नाही, कुटुंबासह नको, वर्ज्य. फाइलवर मारावा तसा.

मी मात्र कवितेच्या तासाला रमणारा मुलगा. शाळेत जी ओळ कळायची नाही तीच मला घरापर्यंत सोबत करायची, आणि सिनेमाचंही तसंच व्हायचं. गोष्ट विसरायचो, पण खिडकीत कुणी कसं उभं होतं, ते आठवडाभर डोळ्यांपुढून हलायचं नाही. एका रविवारी मी तुम्हाला एका सिनेमातल्या म्हाताऱ्या दारुड्याचं सांगितलं. गळ्यात क्रूस, तोंडाला वास, सगळं नेहमीचंच. पण घरातून पळून आलेल्या एका मुलीला तो आपल्या खोलीत लपवतो, गुंड त्याला मरेस्तोवर मारतात, आणि तो तिचा पत्ता सांगत नाही. मी त्याचं बोलणं त्याच्या आवाजात बोलून दाखवलं, शेवटी तो चर्चच्या पायरीवर कसा बसतो तेही बसून दाखवलं. आईनं पदर डोळ्यांना लावला. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात, पुन्हा घातलात. आणि लिहिलंत, "वर्ज्य. ख्रिस्ती समाजाची बदनामी."

"पण पप्पा, तुम्ही रडलात!"

"रडला तो तुझा बाप. लिहितोय तो पंच." मग पेनाला टोपण लावत, "आणि हे बघ, तुला काय दिसलं ते सांगत जा. काय वाटलं ते मी विचारलेलं नाही."

ते वाक्य मी पन्नास वर्षं चघळतोय. तुमचा हात कापायला लागला आणि तुम्ही ते पॅड माझ्याकडं सरकवलंत, "आता तूच लिही," एवढंच म्हणालात. तुम्ही मला दिलेल्या गोष्टींत तीच सगळ्यात मोठी, हे कबूल. पण तुम्ही गेल्यावर पहिल्याच महिन्यात मी ते तिन्ही शेरे काढून टाकले. सिनेमा पाहिला, मला काय वाटलं, प्रभूच्या पायाशी बसून विचार केला तेव्हा काय वाटलं, असं लिहायला लागलो. लोक चिडले. "ते सगळं ठीक आहे, पण पोरांना न्यायचं की नाही तेवढं सांगा ना!" मी सांगितलं नाही. प्रभूनं दाखले सांगितले ते चोरांचे, लबाड कारभाऱ्यांचे, बापाला सोडून गेलेल्या पोरांचे. कुणाला वर्ज्य म्हणून परत पाठवलं नाही. मी अजूनही दर शुक्रवारी नवीन काय लागलं ते बघतो, फोनवर सिनेमाच्या बातम्या वाचतो. तुमची सून म्हणते, "म्हातारा प्रार्थनेला उशीर करेल, ट्रेलरला नाही." म्हणू दे.

आता आजचं ऐका. नवा सिनेमा आलाय. एका चर्चच्या पाळकाच्या मुलाच्या गाडीखाली माणूस मरतो. पाळक मुलाला वाचवतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरला गुन्हा अंगावर घ्यायला लावतो. ड्रायव्हर तुरुंगात जातो. शेवटी, भर उपासनेत, उपदेश चालू असताना हा पाळक मधेच थांबतो आणि सगळं सांगून टाकतो. बस, एवढंच. पण मंडळीच्या ग्रुपवर आठ दिवस आग लागलीय. आपला पाळक खोटारडा दाखवला, बंदी आणा. काल मंडळीचा सचिव फरीदाबादला माझ्या घरी आला, दिल्लीत वाढलेला, गुरुग्रामच्या कंपनीतला, चांगला मुलगा आहे. हातात निवेदन.

"काका, सिर्फ सही. तुमची सही असली ना, की वजन पडतं."

"तू पाहिलास?"

"ट्रेलर पाहिलाय. ट्रेलरमध्ये सगळं येतंच ना."

"अच्छा. मग रविवारच्या उपासनेचाही ट्रेलर काढू. बाकीचे दोन तास वाचतील."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "काका, मजाक छोडो. आधीच लोक आपल्याकडं कसं बघतात, तुम्हाला माहीत आहे. ऑफिसात मला काय काय ऐकावं लागतं. त्यात हे." मग खाली बघत म्हणाला, "कमिटीनं ठरवलंय, सही नसेल तर या महिन्यापासून पत्रकातलं तुमचं पान बंद."

पप्पा, त्याचं ऐकावं लागतं म्हणणं खोटं नाही. तुम्हालाही तीच धास्ती होती, हे मला फार उशिरा कळलं. ऑफिसात तुम्ही मराठी म्हणून परके, आणि मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ख्रिस्ती म्हणून परके. पडद्यावर क्रूस घातलेला माणूस झिंगताना दिसला की सोमवारी शेजारच्या टेबलावरून तुमच्याकडं बघून कोण हसणार, हे तुम्हाला रविवारीच दिसायचं. म्हणून वर्ज्य. समजलं मला. तरी मी ते मान्य करत नाही. इतकी वर्षं आपण पडद्यावर नुसते पीत आणि नाचत राहिलो, तेव्हा आपण निवेदन काढलं नाही. आता कुणीतरी आपल्यातला एक माणूस पश्चात्ताप करताना दाखवला, लोकांसमोर उभं राहून, थरथरत, पडेल ती किंमत द्यायला तयार होऊन, आणि आपण म्हणतोय बंद करा! आपण दर रविवारी हेच तर शिकवतो. करून दाखवलं की बदनामी?

मी सही केली नाही. सचिवाला दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा चार शेजारी जिन्यात होते, त्यांच्यादेखत सांगितलं, "मी सिनेमा पाहिलाय. नावांच्या पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, एक मिनिट न सोडता. ज्यानं पाहिलाय त्यानंच बोलावं." पान बंद केलं तर कागदावर लिहीन, फोटोकॉपी काढून चर्चच्या फाटकात उभा राहून वाटीन. लेख लिहून तयार आहे, परवा द्यायचाय. चांगला झालाय. तुम्हाला आवडला नसता.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहितो. गुरुग्रामच्या त्या थिएटरात खुर्च्या पार आडव्या होतात, एसी गार, आणि सकाळी लवकर उठलो होतो. मध्यंतराच्या आधी मला झोप लागली. किती वेळ, माहीत नाही. जाग आली तेव्हा ड्रायव्हर तुरुंगात होता. पाळक त्याला गुन्हा अंगावर घ्यायला कसं सांगतो, कोणत्या शब्दांत, तो आधी नाही म्हणतो का, हे मी पाहिलेलंच नाही. लेखात मात्र त्या प्रसंगावर चार ओळी आहेत, आणि त्याच सगळ्यात सुरेख उतरल्यात.

उद्या अकराच्या खेळाला पुन्हा जातोय. त्या चार ओळी नव्यानं लिहीन, ते काही अवघड नाही. पण ज्या सिनेमाची मी एवढी तरफदारी करतोय त्यातल्या पाळकासारखं वागायचं तर लेखाचं पहिलं वाक्य कोणतं असायला हवं, ते मला कळतंय. मघापासून कोरा कागद पुढं घेऊन बसलोय, पप्पा. हात धजत नाही.