माझ्या पाठीत बसणारी पाठ

८ नोव्हें., सौंसर
संत्रं सोलताना एकदम जुनी ओसरी आठवली. मी कॉन्व्हेंटातून सुट्टीत आलेली, बाळू सहा वर्षांचा. उन्हात पाठीला पाठ लावून फोडी खात होतो. "ताई, तुही पाठ टोचून राहिली," म्हणाला नि सरकला. एवढंच.
त्याच बाळूच्या लेकीची, जुहीची पाठ माझ्यासारखी निघाली. उजवीकडे उंचवटा, डावीकडे खळगा. पाठीला पाठ लावली की माझा उंचवटा तिच्या खळग्यात, तिचा माझ्या. कोणालाच टोचत नाही. अशी दुसरी पाठ मला भेटली नाही.

१३ नोव्हें.
पांढुर्ण्याहून बाळूचा फोन. नागपूरच्या डॉक्टरांनी जुहीचा एक्स-रे दाखवला. पाठीला पट्टा लावूनही वाक वाढतोच आहे. ऑपरेशन करा म्हणतात. मणक्यांत स्क्रू, दोन सळ्या. पाठ बरीच सरळ होईल, उंचीही थोडी वाढेल.
उंचीही!
फोन ठेवून आरशापर्यंत गेले, परत आले. मी चौदाची होते तेव्हा बाबा सुट्टीतल्या दर शनिवारी जामसांवलीला न्यायचे, पाठ सरळ व्हावी म्हणून निजलेल्या मारुतीसमोर मला उभं करायचे. शाळेत सिस्टर म्हणायच्या, सिट स्ट्रेट, चाइल्ड. बाबांवर राग नाही. पण हिचा बाप हिला नागपूरला नेतो, आणि माझा... जाऊ दे.
पन्नाशी उलटलेल्या बाईने चौदा वर्षांच्या पोरीवर जळावं!

१६ नोव्हें., पांढुर्णा
सगळे माझ्या तोंडाकडे पाहत. बाळूची बायको सुनीता घाबरलेली. ऑपरेशनात पाय गेले तर? "ताईचं काय अडलं बिना ऑपरेशनचं? मॅडम झाल्या, घर बांधलं."
बाळू म्हणाला, "ताई, तूच सांग. तुह्याशिवाय कोणाले समजते?"
गप्प बसले असते तरी विषय मिटला असता. जुही माझ्यासारखीच राहिली असती. चहा निवेपर्यंत मला तेच हवं होतं.
"आत्या, तू काहून बोलून नाही राहिली?"
"अडलं," मी म्हणाले. "जिना चढताना श्वास अडतो. बघायला आलेले पोहे खाऊन गेले ते गेलेच. अडलं, सुनीता."
ती रडायला लागली. आवाज चढवायला नको होता.

२ डिसें., पांढुर्णा
उद्या नागपूर. दुपारी गच्चीवर जुहीशी पाठीला पाठ.
"सरळ झाल्यावर पण अशीच बसशील ना, आत्या?"
"तुला टोचेल मग."
"तं उशी घेईन ना बाप्पा!"
खो-खो हसली. तिचं भागेल उशीवर. माझं?

४ डिसें., नागपूर, दवाखाना
सकाळी आत नेलं. स्ट्रेचरवरून पायाची बोटं हलवून दाखवली, "आल्यावर पण अशीच हलवतो, पाहजा." शुद्धीवर आली की डॉक्टर आधी तेच करायला लावणार आहेत.
बाळू जिन्यात बसला आहे. सु. जप करून राहिली. मी हे.
सु.ला सांगायचं. आईचा उभा आरसा सौंसरहून जुहीच्या खोलीत न्यावा. माझी सागवानी खुर्चीही तिलाच, त्या खुर्चीला मी कधी पाठ टेकलीच नाही. एका खांद्याला पॅड लावलेले तिचे ड्रेस कोणा गरजू पोरीला. प्लास्टिकचा पट्टा मात्र कोणाला देऊ नये. तिच्या पाठीवर बेतलेला आहे तो. तो मला.
पण हे सगळं नंतर. आधी तिची बोटं हलू देत.