दह्याची पूड, रात्रीची गोळी

२ ऑगस्ट १९७७, मंगळवार

सूनबाईनं, गुणमालानं, पूड आजबी पातळ कालवली! डॉक्टर म्हणला होता, वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर. हिनं तांब्याभर केली. सांगून सांगून जीभ झिजली माझी.

धन्यकुमारला सांगलीच्या डॉक्टरची रोज रात्री एक गोळी हाय. सहा महिने झाले. कानातले आवाज थांबले, खरंय. पण चार चार दिवस पोट साफ न्हाई, आणि डोकं दगड. म्हणून आता ही दह्यातल्या जंतूंची पूड. "पोट सुधारलं तर डोकं किती चालतं, बघू या." बघू या! म्हणजे त्यालाबी ठावं न्हाई.

मी विचारलं, आमी जैन, नातवाला जिते जंतू गिळवू व्हय? तर डॉक्टर हसला. "आज्जी, दही खाता का?"

९ ऑगस्ट

डॉक्टरनं परीक्षा घेतली. शंभरातून सात सात वजा करत जा. साताऱ्याच्या शाळेत गणित शिकवणारा माझा नातू, त्र्याण्णवावर अडकला! कपाळाला घाम. त्याचा बाप कल्लाप्पा भिंतीकडं बघत बसला. मी दुसरीपर्यंत शिकले, मी मनात शहाऐंशी म्हणलं.

शाळेनं जागा दिवाळीपर्यंत राखलीय. डॉक्टरनं बरा झाला म्हणून लिहून दिलं तरच परत घेणार.

२३ ऑगस्ट

पोट रोज साफ. चला, एक तरी झालं.

६ सप्टेंबर

आज एक्कावन्नपर्यंत गेला! डॉक्टर म्हणला, "छान. पूड आणि गोळी दोन्ही चालू ठेवा. एक दिवसही खाडा नको."

येताना एसटीत धन्या आपणहून बोलला. "आज्जी, साताऱ्याच्या माझ्या खोलीला कुलूप नीट लावलंय ना?" किती महिन्यांनी असं सरळ बोलला.

पुडीचा गुण हाय हा. गोळीनं नुसती लाळ गळते.

१६ सप्टेंबर

उद्यापासून दहा दिवसांचं पर्व. दिवस मावळला की घरात कुणी पाणीबी प्यायचं न्हाई, मग गोळी कशी गिळणार? उजेड असताना दिली तर हा ताटावरच पेंगतो. बस्तीत, देवासमोर, शास्त्र ऐकायला बसणार कोण? लोकांना दिसू दे की पोरगं सुधारलं.

मी म्हणलं, दहा दिवस गोळी बंद. पूड हाय की.

गुणमाला म्हणली, "आत्ती, डॉक्टरांनी खाडा करू नका म्हणलंय."

"तू डॉक्टरची सून का माझी?"

गोळ्यांची बाटली माझ्या पेटीत टाकली.

२१ सप्टेंबर

लाळ बंद! तोंडावर तेज आलं. आज शंभरातून सात सात करत थेट दोनपर्यंत उतरला, न थांबता. बघ म्हणलं गुणमालाला. हसली न्हाई. लेक सुधारलेलाबी बघवत न्हाई हिला.

२४ सप्टेंबर

दोन रात्री डोळा न्हाई त्याला. म्हणतो, भिंतीतनं हेडमास्तर हाका मारतात. पूड दोन चमचे केली.

२६ सप्टेंबर, चतुर्दशी

काय लिहू. भर पूजेत उठला, उपाध्यांच्या हातातला कलश हिसकावला. "हजेरी घ्या! हजेरी घ्या!" चौघांनी धरून घरी आणला. दारात शेजारची रंगूबाई उभीच. "काय वो काकू, पूड संपली वाटतं?"

तिच्या तोंडाला कुलूप घालायला पायजे.

पेटी उघडली. गोळी दिली. थुंकला.

२८ सप्टेंबर

आज सगळ्यांनी एकमेकांची क्षमा मागायचा दिवस. गुणमाला पाया पडली. "आत्ती, वर्षभरात काय चुकलं असंल तर क्षमा करा." म्हणलं, केली.

आज मोठ्यांनीबी मागायची असते. मी न्हाई मागितली.

३० सप्टेंबर

सांगलीला दोघांनी धरून नेला. शंभरच्या पुढं आकडा न्हाई, नुसता हात कानावर.

डॉक्टरनं विचारलं, "गोळी कधी बंद केली? कुणी?"

कल्लाप्पानं बायकोकडं बोट केलं. "औषधपाणी हीच बघते."

गुणमाला म्हणली, "मी विसरले."

डॉक्टर तिला लय बोलला. "आई असून? बाई, पूड पोटासाठी. डोक्याला तिचा किती उपयोग, ते मलाही अजून सांगता येत नाही. आवाज थांबवत होती ती गोळी!" सुई टोचली, परवा परत आणा म्हणला. शाळेचा कागद दिवाळीच्या आत देणार न्हाई म्हणला. म्हणजे जागा गेली.

एसटीत कल्लाप्पा सगळ्यांदेखत बायकोला घालून पाडून बोलत होता. ती खाली मान घालून धन्याचा हात धरून बसली. मी खिडकीतनं ऊस बघत होते.

२ ऑक्टोबर

पहिल्या गाडीनं परत सांगली. कल्लाप्पाला बजावलं, दवाखान्यात पुन्हा बोट उचललंस तर बघ. गुणमालाला बजावलं, तू तोंड उघडायचं न्हाई. गोळी कुणी बंद केली, डॉक्टर परत विचारू दे — उत्तर मी देणार.