सहा खापरे आणि माझा निम्मा हिस्सा

मी, विजयमाला झुलाल पाटील, वय ४७, बी.ए., राहणार पाचोरा, शुद्धीवर असताना आणि कोणाच्या दबावाशिवाय हे लिहिते. पुढील आठवड्यात जळगावला माझे हृदयाचे ऑपरेशन आहे. पती वारले आहेत, मूलबाळ नाही.

१. राहत्या घरातील माझा निम्मा हिस्सा धाकटी जाऊ कुंदा हिच्या एकटीच्या नावावर करावा. उरलेला निम्मा तिचे पती, माझे दीर मोतीलालभाऊ यांचा आहेच. यापुढे तिला कोणी घराबाहेर काढू शकू नये.

२. कारण लिहिते. सासूबाई बेबाबाई शेवटपर्यंत म्हणत, "माले कुंदाना हातनाच मांडा पाहिजे. विजू, तुना जाड शे." मांडे भाजायचे मातीचे खापर मीही तापवत होते, पुरण मीही वाटत होते. मागील वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या गेल्यानंतरची त्यांच्या नावाची पहिली घागर भरली आणि नैवेद्याचा मांडा पुन्हा कुंदानेच करायचे ठरले. ती परसात असताना मी फळीवरचे तिचे खापर खाली ढकलले आणि देवघरात जाऊन बसले. खापर आपोआप पडले, असे माझ्या त्या दिवशीच्या डायरीत आहे. ते खोटे आहे.

३. पुढच्या महिन्यात आणखी पाच खापरे फुटली, मिठाची बरणी ओट्यावरून उडाली. ते मी केले नाही. दर वेळी कुंदा जवळ होती. माझ्या आसपास कधी चमचाही पडला नाही. शेजारच्या सुगंधाबाई म्हणाल्या, "बेबाबाईचा जीव धाकटीतच अडकला बघा." मला भीती वाटायला हवी होती. मला राग आला. मेल्यावरही तिच्याकडेच?

४. भाऊंनी बोलावलेल्या भगताने विचारले, पहिले खापर फुटले तेव्हा स्वयंपाकघरात कोण होते. मी म्हटले, "कुंदा." त्यावरून भानामती तीच करते असे ठरले आणि भाऊंनी तिला शिरपूरला माहेरी धाडले. निघताना ती म्हणाली, "अक्का, तुम्ही तरी सांगा ना." मी तिची पिशवी रिक्षात ठेवली. तेव्हापासून घरात काही पडले नाही. माझ्यासाठी काही पडते का, हे नऊ महिने मी फळीखाली बसून पाहिले. हे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता भाऊंनी आजच वाचावे आणि तिला घेऊन यावे.

५. माझी पोत कुंदाला. सासूबाईंनी तिला दिलेली जास्त वजनाची आहे, हे मी सोनाराकडे तोलून पाहिले आहे. डायऱ्या जाळू नयेत. ते खोटे पानही राहू द्यावे.

६. माझे खापरही कुंदाला. मी गेले तर माझ्या पहिल्या आखाजीला तिने त्यावर मांडा करावा, तिच्या हाताचा, पातळ. ते फुटले तर सासूबाईंना मध्ये आणू नये. या वेळी माझे नाव घ्यावे.

लिहून देणार : विजयमाला झुलाल पाटील (सही)
साक्षीदार : १. सुगंधाबाई भिका महाजन, शेजारी (मजकूर न वाचता सही)
२. नसीम शेख, ग्रंथपाल (सही)
पाचोरा, दि. २१ एप्रिल २०२५