चौकोनी मुळं

१९ जानेवारी

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको आणि छोटी खुशाल असाल असं धरून चालतो. सकाळी देवासमोर उभा राहिलो की तुम्हा तिघांचं नाव घेतो, त्यात खंड नाही. पत्र मात्र सहा वर्षांत हे पहिलंच. फोन करावा, तर तू "बोला" म्हणणार आणि मी गप्प बसणार, हे दोघांनाही ठाऊक आहे.

आबांची तब्येत वयाच्या मानानं बरी. खुबा मोडल्यापासून वॉकर सुटला नाही तो नाहीच, पण जीभ ठणठणीत आहे. काल तुझी वहिनी म्हणाली, "आबा, जरा उन्हात बसता का?" तर म्हणाले, "ऊन येईल की दुपारी माझ्याकडे. त्याला पाय आहेत."

आता माझी बातमी. हसू नकोस. मी कॉलेजात जातो.

इथल्या विद्यापीठात लँडस्केप आर्किटेक्चर आणि उद्यानविद्या असा अभ्यासक्रम आहे. त्यात बागेत काम करणाऱ्या माणसांसाठी दोन जागा ठेवतात. आमच्या साहेबांनी माझं नाव पुढे केलं. सव्वीस वर्षं सरकारी बागांत माळीकाम केल्यावर, एकोणपन्नासाव्या वर्षी, पाठीला पिशवी लावून मी पोरांच्यात बसतो. पहिल्या दिवशी तुझी वहिनी म्हणाली, "पेन्सिलीला टोक करून देऊ का?" वर्गातली मुलं मला काका म्हणतात. त्यांना कॉम्प्युटर येतो, मला फावडं येतं, त्यामुळे आमचं जमतं.

नकाशात झाड म्हणजे नुसतं एक वर्तुळ काढायचं असतं. मला ते माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा प्रत्येक झाड वेगळं काढलं. आमच्या मॅडम तुझ्यापेक्षाही लहान असतील. त्या म्हणाल्या, "काका, हे असं कललेलं का?" म्हटलं, "मॅडम, ते कोपऱ्यावरचं आहे, तिथे वारा लागतो." त्यांनी माझा कागद वर धरून सगळ्या वर्गाला दाखवला. मी खूश. मग त्यांनी प्रमाण लिहिलं नाही म्हणून चार गुण कापले.

जमिनीखालचंही शिकवतात. मुळांचा अख्खा एक विषय आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. आबा ऐंशीला टेकले. बोलून दाखवत नाहीत, पण छोटी आता केवढी झाली असेल, असं महिन्यातून एकदा तरी विचारतात. त्यांनी तुला कधीच माफ केलंय. माझ्याही मनात काही नाही. तू चर खणलास तो मोरीच्या नळीसाठी, काही मुद्दाम झाड पाडायला नव्हे. मुळं तुटली, झाड पडलं, आबा नेमके खाली बसलेले होते. माणसाकडून होतं. तेव्हा जुनं सगळं मागे टाकून एकदा येऊन जा. वरची खोली रिकामीच आहे.

तुझा,
दादा

२३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

तुझं कार्ड मिळालं. "आबांनी माफ केलं म्हणतोस. कशाबद्दल?" एवढी एकच ओळ. खाली सहीसुद्धा नाही.

आठ दिवस ते कार्ड वहीत ठेवून फिरलो. मग वहिनीच्या हाती लागलं. वाचून म्हणाली, "मग सांगा की. साधं तर विचारलंय." तिलाही तोवर काही ठाऊक नव्हतं.

तर सांगतो. मला वळसे घालत लिहायची सवय आहे, तेवढं सांभाळून घे.

अंगणातली तुती मी फांदी लावून वाढवली होती, तेलाच्या रिकाम्या डब्यात. घराचं बांधकाम रखडलेलं होतं, म्हणून तिला तीन वर्षं डब्यातच ठेवली. रोज पाणी, महिन्याला खत. अंगण तयार झालं तेव्हा पत्रा कातरीनं कापून डबा उघडला आणि आतला मातीचा गोळा जसाच्या तसा, एक कणही न सांडता, खड्ड्यात उतरवला. तूच दुसऱ्या बाजूनं धरला होतास. मला नोकरीत शिकवणाऱ्या जुन्या हेडमाळ्यांचा नियमच तो होता: मुळाची माती हलू द्यायची नाही. गोळा फुटला की ते काठीनं हातावर मारायचे. मी आजवर लावलेलं प्रत्येक झाड असंच लावलं, आणि त्याचा मला अभिमान होता.

ऑक्टोबरात मॅडम आम्हाला रोपवाटिकेत घेऊन गेल्या. कुंडीत जास्त दिवस राहिलेलं एक रोप बाहेर काढून त्यांनी चाकू घेतला आणि मातीचा गोळा वरून खालपर्यंत चिरला. मी म्हटलं, "मॅडम, मुळं दुखावतील."

"दुखावतील काका. पण मोकळी होतील."

मग त्यांनी समजावलं. डब्यातली मुळं भिंतीला लागली की वळतात आणि आतल्या आत फिरत राहतात. तशीच जमिनीत लावली तर तिथेही ती फिरणं सोडत नाहीत. खोड जाड होतं, मूळही जाड होतं, आणि दहा-पंधरा वर्षांनी झाडाचंच मूळ झाडाचा गळा आवळतं. वर पानं हिरवीगार असतात, कुणाला पत्ता लागत नाही. एका मुलानं विचारलं, "असं झाड पडलं तर ओळखायचं कसं?" त्या म्हणाल्या, "बाजूची मुळं तुटून पडलेलं झाड मुळांसकट उपटतं, जमीन घेऊन वर येतं. गळा आवळलेलं झाड मातीखाली गळ्याशीच मोडतं."

आपली तुती उपटली नव्हती, बारक्या. मातीखाली वीतभर मोडली होती. उरलेला बुंधा आपण जमिनीतच सोडून वर माती ओढली होती. तेव्हा वीस वर्षं माळीकाम केलेला मी, ते डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी आबांना डॉक्टरांकडे नेलं होतं वहिनीनं. मी घरी राहिलो. अंगण खणलं, बुंधा निम्मा कुजला होता तरी निघाला. पाण्याच्या पाइपनं धुतला. तू चर खणलास त्या बाजूला दोन तुटलेली मुळं मिळाली. बोटाएवढी होती. आणि बुंध्याभोवती माझ्या मनगटाहून जाड मूळ, दोन वेढे घालून आवळलेलं. ते गोल नव्हतं. त्याला चार कोपरे होते. जमिनीत कुठलंही मूळ असं काटकोनात वळत नाही. तेलाच्या डब्यात वळतं.

"दादा, बोटाएवढी दोनच मुळं होती रे," असं तू इस्पितळाच्या व्हरांड्यात म्हणाला होतास. तेव्हा मी म्हणालो, "झाडातलं मला शिकवू नकोस. तू तुझे नळ बघ. तुझ्यामुळे बाप आत पडलाय." मामा होते, आत्या होती, तुझी बायको छोटीला खांद्यावर घेऊन उभी होती. मी झाडांतला जाणकार, म्हणून कुणी पुढे काही विचारलं नाही. महिन्याभरात तू सामान बांधलंस.

आता सगळ्यात अवघड. बुंधा धुतला तो नोव्हेंबरात. तुला पत्र लिहिलं ते जानेवारीत. "आबांनी तुला माफ केलंय, माझ्याही मनात काही नाही" हे मी लिहीत होतो तेव्हा तो बुंधा मागच्या शेडमध्ये पोत्याखाली होता. मला सगळं ठाऊक होतं. तू यावंस, आबांनी नातीला बघावं, सगळं गोड व्हावं आणि पोतं मात्र तसंच राहावं, असा माझा बेत होता. ते दोन महिने मी देवापुढे उभा राहायचो ते घाईघाईनं आटपायचो.

तुझ्या "कशाबद्दल?" या एका शब्दानं बेत मोडला. कार्ड वहिनीनं वाचलं त्याच दुपारी बुंधा आबांसमोर नेऊन ठेवला.

"हे काय?"

"तुती."

त्यांनी वाकून हात फिरवला. "कोपरे कसले याला?"

"डब्याचे. ज्यात मी लावली होती."

पुढचं सगळं सांगितलं. बराच वेळ ते मुळावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सहा वर्षं मी मोठं मन करून त्याला माफ करत बसलो होतो, ते सगळं फुकट." हसले. मग हसू थांबलं आणि म्हणाले, "तो जाताना पाया पडायला आला होता. मी भिंतीकडे तोंड केलं होतं." त्यानंतर दोन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. मी खोलीत असलो तरी, "त्याला म्हणावं, खिडकी लाव," असं वहिनीला सांगायचे. ती म्हणायची, "ऐकलंत ना, खिडकी लावा." मी लावायचो.

काल आत्याकडे गेलो. म्हणाली, "इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढतोस?" म्हटलं, "सगळ्यांसमोर बोललो होतो आत्या, सगळ्यांकडे जाऊनच परत घ्यायला हवं." मामा तर गेल्या वर्षी गेले. मामींना सांगितलं. त्या जराही चकित झाल्या नाहीत. म्हणाल्या, "हे नेहमी म्हणायचे, बारक्याचा हात असा वेडावाकडा चालायचा नाही. पण तू एवढा ठामपणे बोललास, मग हे गप्प बसले."

वर्गातही सांगितलं. बुंधा टेबलावर ठेवला, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "काका, हे कुणी लावलं होतं?" म्हटलं, "मी." मॅडमनी आता माझ्या शेवटच्या प्रकल्पाचा विषयच बदलून दिला. मी या गावात रस्त्याकडेला लावलेली झाडं एकेक करून तपासायची. बुंध्याजवळची माती हातानं बाजूला करून बघतो. कोवळ्या झाडांचं वळलेलं मूळ कापता येतं, ती वाचतील. मोठ्यांना हात लावता येत नाही. त्यांच्याखालची बाकडी तेवढी हलवायला सांगतो. कार्यालयात विचारतात, एवढी वर्षं काय केलंत मग. प्रश्न बरोबर आहे.

आणखी एक. तू टाकलेली नळी सहा वर्षांत एकदाही तुंबलेली नाही. उतार इतका नेमका धरलायस की मोरीत पाणी थांबत नाही. मी रोज बघत होतो. तुला कधी सांगितलं नाही.

तू घर सोडलंस, छोटीची बालवाडी सुटली, तुझ्या बायकोनं काय काय ऐकून घेतलं असेल, यातलं मला काही परत करता येत नाही. तुला राग ठेवायचा असेल तर ठेव. आमचा खोटा ठरला, तुझा खरा असेल.

तू ये, असं मी लिहीत नाही. मघाशी आबांनी हाक मारली, माझ्या नावानं, दोन आठवड्यांनी पहिल्यांदाच. म्हणाले, "लिहिलंस?"

"लिहिलं."

"काय?"

"चूक माझी, असं."

"ये म्हणून लिहिलंस?"

"ते म्हणायला तोंड नाही मला."

"मग तेवढं मी लिहितो," म्हणाले आणि कागद मागितला. अर्धा तास लागला त्यांना. घडी घालून कडा स्वतः डिंकानं चिकटवल्या आणि मला म्हणाले, "तू वाचायचं नाही." मी वाचलेलं नाही. तो कागद सोबत आहे.

तुझा अपराधी,
आणि तू म्हणशील तर थोरला भाऊ